पेप्टाइडांचे शोषण व उत्सर्जन
जैवक्रियाशील लघुपेप्टाइडे शरीरात शिरण्याची व बाहेर टाकली जाण्याची प्रक्रिया. आहारातील प्रथिनांच्या पचनातून ती सुटतात. लहान आतड्यातील पेप-टी१ हे वाहक प्रथिन दोन-तीन ॲमिनो अम्लांचेच तुकडे आत घेते. लांब साखळ्या बहुतांशी तुटतात, म्हणून औषधी पेप्टाइडे सहसा टोचून देतात. रक्तात १४ अम्लांच्या सोमॅटोस्टॅटिनचा (पहा : संप्रेरके) अर्धायुकाल १–३ मिनिटे, तर त्याच्या धर्तीवरील ८ अम्लांच्या ऑक्ट्रिओटाइडचा सुमारे १०० मिनिटे असतो. मूत्रपिंडात (पहा : वृक्क) गाळलेल्या पेप्टाइडांचा काही अंश निकटस्थ नलिका पुन्हा शोषतात. किरणोत्सारी पेप्टाइडांत हा टप्पा सर्वांत नाजूक. नवी मुंबईत वाशी येथे मुख्यालय असलेली ‘ब्रिट’ (स्थापना १९८९) ही संस्था ल्युटेशियम-१७७ डोटाटेट हे असे किरणोत्सारी पेप्टाइड पुरवते. ते देताना मूत्रपिंडाला इजा होऊ नये म्हणून लायसीन व आर्जिनीन शिरेतून देऊन हे पुनःशोषण घटवतात.