बहात्तरच्या दुष्काळातलं पाणी

छत्रपती संभाजीनगरहून, म्हणजे तेव्हाच्या औरंगाबादहून, जालना रस्त्याला लागलं आणि चिकलठाणा मागे पडलं की शेंद्रा येतं. आज तिथं कारखान्यांच्या शेड दिसतात. माझ्या लहानपणी रस्त्याच्या दोन्ही अंगांना बाजरी, तूर आणि रब्बीची ज्वारी असायची. आमचं रानही तिथंच.

हा मुलूख सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतला. वर्षाचा पाऊस सरासरीनं सातशे मिलिमीटरच्या आसपास, पण सरासरीवर पीक येत नाही. मृगात पेरलं, आर्द्रात उगवलं आणि पुढं तीन-चार आठवडे पावसानं ओढ दिली, की आकडा पुरा होऊनही बाजरी जाते. म्हणून जुनी माणसं सगळा भार खरिपावर टाकत नसत. भारी जमिनीचा तुकडा मोकळा ठेवून उत्तरा-हस्ताच्या ओलीवर ज्वारी पेरायची. ती थंडीतल्या दहिवरावर पोसायची. दाणा माणसांना, कडबा जनावरांना.

1972 साली हा दुसरा आधारही तुटला. आधीची वर्षं ओढीचीच होती. त्यात खरीप गेलं आणि परतीचा पाऊसही आला नाही. मी तेव्हा नऊ वर्षांचा. वडील खडी फोडायला गेले, आई पाझर तलावावर माती वाहायला. कामावर मिळणारी सुकडी आम्ही पोरं वाट बघून खायचो. रेशनवर अमेरिकेचा लाल मिलो यायचा. त्याची भाकरी काही केल्या गोड लागत नसे. मे 1973 मध्ये राज्यात जवळजवळ पन्नास लाख माणसं अशा कामांवर होती. वि. स. पागे यांनी मांडलेली रोजगार हमीची कल्पना याच काळात राज्यभर गेली. पुढं 1977 साली तिचा कायदा झाला.

पण आज बोलायचंय ते पाण्याबद्दल. आमच्या चाळीस फुटी विहिरीच्या तळाला त्या उन्हाळ्यातही पाणी होतं. शेताला पुरणारं नव्हे, पण चार घरांचे हंडे भरत. सगळीकडे असं नव्हतं, हे खरं. तरी त्या पिढीतलं कुणीही सांगेल, तेव्हा दाण्याचे हाल पाण्यापेक्षा जास्त होते.

जिथं पाणी आटलं, तिथं खडक फोडणारी यंत्रं आली. गावोगावचे बिडाचे हातपंप मात्र टिकत नसत. एका घरासाठी बनवलेला पंप सारं गाव दिवसभर हापसायचं. यावर तोड आमच्याच रस्त्याच्या टोकाला, जालन्याच्या ख्रिस्ती मिशनमध्ये निघाली. तो 'जालना पंप'. मग सोलापूरला त्याची सुधारणा झाली आणि तिच्यावरून 'इंडिया मार्क टू' तयार झाला. आफ्रिकेतल्या खेड्यांतही हापसला जाणारा हा पंप मूळचा आपल्या दुष्काळी मुलखातला, याचं मला फार अप्रूप वाटतं.

पिण्यासाठी आलेलं हे तंत्र वीजमोटारीबरोबर शेतात शिरलं. आमचा खडक बेसॉल्टचा. पाणी मुख्यतः वरच्या झिजलेल्या थरात, मुरमात. खाली कातळ, त्यातल्या भेगांत सापडेल तेवढंच. खोल बोअर पुष्कळदा वरच्या विहिरीचंच पाणी ओढतं. पुढं भूजल कायद्यानं 60 मीटरहून खोल जायला मनाई केली, पण तोवर गावोगाव कितीतरी भोकं पडली होती.

आम्हीही 1986 साली बोअर घेतलं, विहिरीच्या वरच्या अंगाला. रब्बीच्या ज्वारीचा तुकडा मोडून मोसंबी लावली. वडील दोन दिवस बोलले नाहीत. पण बागेचा पैसा आला, बहिणींची लग्नं झाली, माझं शिक्षण झालं. ते मी कसं नाकारू?

2012 साली पुन्हा पाऊस हुकला. या खेपेला रेशनवर गहू-तांदूळ होता, कुणी मिलो खाल्ला नाही. गावात टँकर येत होता आणि जालन्याकडे मोसंबीच्या बागा सरपणाला निघाल्या होत्या. चारच वर्षांनी लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी न्यावं लागलं.

2013 च्या मे महिन्यात मी आमच्या विहिरीत उतरलो. तळाला भेगाळलेला गाळ होता. बोअर त्याआधीच थांबलं होतं. त्याच आठवड्यात बाग तोडली. त्या तुकड्यात आता पुन्हा हस्तावर ज्वारी पेरतो.