बरोबर उत्तराची तीन अंगे

व्हर्निअर कॅलिपरने गोळीचा व्यास मोजायला सांगितला आणि तो २.५० सेंटिमीटर आला, असे समजू. वर्गातून हे एकच माप २.५ सेमी, २५.० मिमी, ०.०२५० मी किंवा नुसतेच २.५० अशा रूपांत येते. मुरलेल्या शिक्षकाला निवाडा करायला वेळ लागत नाही: मधली दोन्ही उत्तरे पूर्ण बरोबर, पहिल्यात एक सार्थक अंक गळाला, शेवटच्यात एककच राहून गेले. संगणकालाही असा निवाडा करता यावा, यासाठी चाललेल्या प्रयत्नांची ओळख पुढील पानांत करून दिली आहे.

विषय किरकोळ वाटण्याची शक्यता आहे. पण मापनाचे उत्तर किंमत, एकक आणि अचूकता या तिन्हींबद्दल काही सांगत असते. जेईई अॅडव्हान्स्डच्या संख्यात्मक प्रश्नांत एकक बहुधा प्रश्नातच दिलेले असते आणि उत्तर दोन दशांश स्थळांपर्यंत द्यायचे असते. लाखोंच्या परीक्षेत ही सोय रास्तच आहे. मात्र एकक कोणते आणि किती अंक राखायचे, हे ठरवण्याची संधी त्यात विद्यार्थ्याला मिळत नाही. रोजच्या सरावात ती मिळायला हवी.

इथेच यंत्राची परीक्षा सुरू होते. २.५० चे संख्येत रूपांतर होताच शेवटचे शून्य नाहीसे होते. म्हणून विद्यार्थ्याने टंकलेला मजकूर जसाच्या तसा जपावा लागतो. २५० मध्ये सार्थक अंक दोन की तीन, हे नुसत्या लिखाणावरून ठरत नाही. ‘एमएस’ ही अक्षरे मिलिसेकंदाची की मीटर आणि सेकंद यांच्या गुणाकाराची? बल-आघूर्ण आणि ऊर्जा यांच्या मिती सारख्याच, म्हणून केवळ मिती जुळवून भागत नाही.

या अडचणींवर उत्तम काम झाले आहे. ख्रिस सँगविन यांनी बर्मिंगहॅम विद्यापीठात २००४ च्या सुमारास सुरू केलेली ‘स्टॅक’ ही मुक्त प्रणाली मॅक्झिमा या बीजगणिती सॉफ्टवेअरच्या आधारे उत्तरे तपासते आणि मूडल या ऑनलाइन अध्यापन-मंचावर वापरता येते. लिहिलेल्या उत्तराचा अर्थ तिने कसा लावला, हे ती गुण देण्याआधी विद्यार्थ्याला दाखवते. त्यामुळे टंकलेखनातली चूक भौतिकशास्त्रातली चूक ठरत नाही. एकके आणि सार्थक अंक तपासण्याच्या वेगळ्या कसोट्याही तिच्यात आहेत.

वाचकांनी या विषयाची सुरुवात आज्ञावलीपासून न करता स्वतःच्या एखाद्या प्रश्नापासून करावी. तुम्ही शिक्षक असाल, तर त्या प्रश्नाला येऊ शकणारी उत्तरे आधी कागदावर मांडा. प्रत्येकापुढे किती गुण आणि कोणता शेरा द्याल, तेही लिहा. किती फरक चालेल, हे उपकरणाचे लघुतम माप पाहून ठरवा. ‘किंमत बरोबर, एकक तपासा’ असा शेरा उत्तर देताच मिळाला, तर विद्यार्थी तिथल्या तिथे पुन्हा विचार करतो. प्रोग्रॅमिंग येत नसले तरी हरकत नाही. असा तक्ता तयार झाला की तपासणीचा अवघड भाग तुम्ही पार केलेला असेल. उरलेले काम यंत्राला समजावण्याचे, आणि त्यासाठी पुढील प्रकरणे सोबतीला आहेत.