माकडहाड : एका 'निरुपयोगी' हाडाची हकीकत

पाठीच्या कण्याच्या अगदी तळाशी जे टोकदार हाड असते त्याला आपण माकडहाड म्हणतो. ग्रीकांना त्याचा आकार कोकिळेच्या जातीच्या एका पक्ष्याच्या चोचीसारखा भासला, म्हणून त्यांनी ह्या हाडाला त्या पक्ष्याचेच नाव दिले आणि तेच 'कॉक्सिक्स' ह्या रूपाने वैद्यकात रूढ झाले. ग्रीकांची दृष्टी आकाराकडे होती, आपली वंशाकडे; आणि ह्या बाबतीत मराठी शब्द शास्त्राच्या अधिक जवळ आहे असे आम्हांस वाटते.

मातेच्या उदरात पाचव्या आठवड्याच्या सुमारास मानवी गर्भाला खरोखरीच शेपूट असते. आठव्या आठवड्यापर्यंत ते जिरून जाते आणि मागे राहतात ते तीन ते पाच, बहुधा चारच, लहानसे मणके. चार्ल्स डार्विनने १८७१ साली 'द डिसेंट ऑफ मॅन' ह्या ग्रंथात हे हाड मनुष्याच्या पूर्वजांच्या शेपटीचा अवशेष म्हणून पुढे मांडले. शेपूट ह्या नात्याने ते निकामी आहे, एवढेच त्याचे म्हणणे होते. पुढे १८९३ मध्ये जर्मन शारीरविद रॉबर्ट वीडर्सहाइम ह्याने मानवदेहातील अशा ८६ अवशेषांची यादी प्रसिद्ध केली. मूळचे काम पूर्णपणे किंवा अंशतः सुटलेले अवयव, असा तिचा अर्थ होता. पण लोकांनी त्यातून काय उचलले, तर 'निरुपयोगी' हा एक शब्द! मूळचे काम सुटले म्हणजे सगळेच काम सुटले, असे थोडेच आहे?

वैद्यकाच्या इतिहासात मात्र हा वाद नुसता तात्त्विक राहिला नाही. १८४४ साली अमेरिकेतील मोबील गावच्या नॉट नावाच्या शल्यवैद्याने असह्य वेदनेवर उपाय म्हणून एका रोग्याचे माकडहाड काढून टाकले. त्या वेळी ईथरची भूल प्रचारात यावयाची होती. रोग्याने काय सोसले असेल ह्याची कल्पनाच केलेली बरी. १८५९ मध्ये एडिंबरोच्या जेम्स यंग सिम्प्सनने, म्हणजे बाळंतपणात क्लोरोफॉर्म आणणाऱ्या त्याच प्रसूतितज्ज्ञाने, ह्या दुखण्याला स्वतंत्र नाव दिले. त्याचा उपायही ध्यानात घेण्याजोगा आहे. तो बारीक सुरी कातडीखालून घालून हाडाला जोडलेले स्नायू कापी, आणि तेवढ्याने भागले नाही तरच हाडाला हात लावी. हाड रिकामे बसलेले असते तर कापावयाला तेथे स्नायू कोठून आले असते?

वास्तविक ह्या बोटाच्या पेराएवढ्या हाडाला बरेच काही बांधलेले आहे. गुदद्वार आवरून धरणारे आणि ओटीपोटातील अवयवांना खालून झोळीसारखे तोलणारे स्नायू येथे येऊन मिळतात. नितंबाच्या मोठ्या स्नायूचे काही तंतूही येथूनच निघतात. आपण मागे रेलून बसतो तेव्हा बैठकीच्या दोन हाडांबरोबर हे तिसरे हाडही भार घेते. प्रसूतीच्या वेळी ते मागे सरून मुलाला वाट देते. स्त्रियांमध्ये ह्याचे दुखणे पुरुषांच्या कितीतरी पट अधिक आढळते.

आणि येथेच ह्या हकीकतीतला खरा अन्याय आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी कंबरेच्या नाना दुखण्यांवर हे हाड सर्रास काढले जाऊ लागले. गुण येईना, तेव्हा शस्त्रक्रियेची अपकीर्ती झाली, आणि दोष गेला रोग्यांच्या माथी. पडून आपटलेल्या किंवा बाळंतपणानंतर बसता न येणाऱ्या बायांना दुखणे मनाचे आहे असे सांगून परत पाठविण्यात आले. निरुपयोगी हाड दुखेलच कसे, हा तो तर्क!

१९३७ साली अमेरिकेतील थील ह्या वैद्याने दाखविले की, वेदना पुष्कळदा आखडलेल्या स्नायूंची असते व मर्दनाने ती कमी होते. पुढे १९९० नंतरच्या दशकात पॅरिसच्या झाँ-ईव्ह मेन्यने एक साधीच गोष्ट केली. आजवर रोग्याचे क्ष-किरण चित्र निजवून किंवा उभे करून घेत. त्याने ते, जेथे दुखते त्या स्थितीत, म्हणजे बसवून घेतले आणि उभ्या चित्राशी ताडून पाहिले. अनेकांचे हाड बसताच जागचे सरकते किंवा प्रमाणाबाहेर वाकते, हे चित्रात स्वच्छ दिसले. आता बहुतेकांना मागच्या बाजूस खाच ठेवलेली उशी, मर्दन, क्वचित एखादे इंजेक्शन एवढ्याने बरे वाटते. सुरी उरली आहे ती मोजक्यांसाठी.