बिशप : देखरेख करणारा

'बिशप' हा शब्द इंग्रजीत लॅटिनमार्गे ग्रीकमधून आला. मूळ 'एपिस्कोपोस'. 'एपि' म्हणजे वर, 'स्कोपोस' म्हणजे पाहणारा. थोडक्यात, देखरेख करणारा. 'टेलिस्कोप' याच घराण्यातला. संस्कृतातला 'स्पश', म्हणजे हेर, हाही लांबचा भाऊबंद.

इंग्लंडमध्ये मात्र या देखरेख करणाऱ्यावरच देखरेख बसली. १५३४ मध्ये आठव्या हेन्रीने पोपला बाजूला सारून चर्चचे प्रमुखपद स्वतःकडे घेतले. आजही बिशप नेमला जातो तो राजाच्याच नावाने.

या चर्चचे कँटरबरी आणि यॉर्क हे दोन प्रांत. उमरावांच्या सभागृहात २६ जागा बिशपांच्या. कामकाजाआधीची प्रार्थनाही तेच म्हणतात. धर्मगुरू पदसिद्ध कायदे करणार, हे आपल्याला पचायला जरा जडच!

१८३७ मध्ये मुंबईलाही पहिला अँग्लिकन, म्हणजे याच चर्चचा, बिशप मिळाला, थॉमस कार. फोर्टातले सेंट थॉमस चर्च तेव्हा कॅथीड्रल झाले.