अर्ध्या तासाचा दम

परभणीहून जिंतूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमचं झरी आहे. पहाटे पाचला या रस्त्यावर आलात तर एसटीच्या आधी तुम्हाला पोरं दिसतील. अंगात बनियन, कुणाच्या पायात बूट, कुणी अनवाणी. ही सगळी भरतीची पोरं. पोलीस भरतीच्या मैदानी परीक्षेत मुलांना 1600 मीटर धावावं लागतं आणि मुलींना 800. मैदानी परीक्षेच्या 50 गुणांपैकी 20 गुण या एका धावण्याला. त्या गुणांवर नोकरी अडकलेली, नोकरीवर बापाचं कर्ज आणि बहिणीचं लग्न.

माझा पुतण्या यांच्यातलाच. मागच्या भरतीत त्याचे गुण गेले ते धावण्यातच. मी पन्नाशी ओलांडलेला, साखरेच्या गोळ्या सुरू झालेला माणूस. डॉक्टरांनी फिरायला सांगितलं म्हणून मीही त्याच रस्त्यावर. तो पळायचा आणि मी किलोमीटरच्या दगडाजवळ उभा राहून ओरडायचो, “थांबू नको! थांबलास की संपलास!” कवी माणूस, वाक्य टाळ्या घेणारं होतं. एका पहाटे तो त्याच दगडाजवळ आला आणि कोसळला. उलटी झाली, ओठ पांढरेफटक पडले. भरतीच्या मैदानावर धावता धावता पोरं गेल्याच्या बातम्या आपण वाचलेल्या असतात. त्या सगळ्या एका क्षणात डोळ्यांपुढून गेल्या.

परभणीला नेलं. डॉक्टरांनी ईसीजी काढला, रक्त तपासलं. सुदैवानं हृदय ठणठणीत निघालं. मग त्यांनी विचारलं, “आठवड्यातून किती दिवस पळतोस?” “सातही दिवस.” “रोज सगळी ताकद लावून?” “हो.” डॉक्टर माझ्याकडे वळले. “याला कुणी दम घ्यायला शिकवलं नाही का?”

मी मान खाली घातली. कारण मला ते लहानपणीच शिकवलेलं होतं. आमच्या घरी औत होतं. नांगराचं एक तास पुरं झालं, बैल बांधाशी आले, की मी त्यांना लगेच वळवायला बघायचो. अब्बा दटावायचे, “अरे, बैलां कू दम खाने दे.” बैलांच्या बरगड्या हलायच्या थांबेपर्यंत ते कासरा सैल सोडून उभे राहायचे. जे बैलांना मिळत होतं, ते मी पोराला दिलं नव्हतं.

‘दम’ हा शब्द मोठा गमतीचा आहे. फारसीत दम म्हणजे श्वास. आपण मराठी माणसांनी तो घेतला आणि त्याचे किती अर्थ केले! दम लागतो म्हणजे धाप लागते. दम घेतो म्हणजे विसावतो. दम धरतो म्हणजे धीर धरतो. एखाद्यात दम असतो म्हणजे ताकद असते. कबड्डीत तर चढाई करणारा दम घेऊनच पलीकडे जातो आणि दम तुटला की बाद होतो. संस्कृतातला ‘शम-दम’ मधला दम वेगळ्या कुळातला, त्याचा अर्थ संयम. दोन कुळांतले दोन शब्द आपल्या जिभेवर एक होऊन बसले आहेत.

तालमीचंही तसंच. ‘तालीम’ हा अरबी शब्द, अर्थ शिक्षण. ‘वस्ताद’ म्हणजे उस्ताद. ‘कसरत’ हाही अरबीतून आलेला, मूळ अर्थ पुष्कळपणा. पुष्कळ वेळा, पुन्हा पुन्हा करायची ती कसरत. आपल्या तालमीत जोर आणि बैठका हप्त्याहप्त्यानं मारतात. हौद्यात एक जोड लढते तेव्हा बाकीचे कडेला उभे राहून दम खातात. लढणारे थकले की ते बाजूला होतात आणि दुसरी जोड आत उतरते.

पुतण्या बरा झाल्यावर त्यानं मोबाइलवर एक घड्याळ दाखवलं. 20 सेकंदांनी ते वाजतं, मग 10 सेकंदांनी वाजतं. “चाचा, याला हाय इंटेन्सिटी इंटर्व्हल ट्रेनिंग म्हणतात. सगळी पोरं ‘हिट’ म्हणतात.” थोडा वेळ अंगातला सगळा जोर लावायचा, थोडा वेळ विसावायचं, पुन्हा जोर. त्याचं सगळं लक्ष ‘हाय’ या शब्दावर होतं. माझं लक्ष मधल्या शब्दाकडे गेलं. इंटर्व्हल म्हणजे मध्यंतर. या व्यायामाला नाव मिळालं ते जोरावरून नव्हे, मधल्या विसाव्यावरून. हे असं का झालं, ते शोधायला मी बसलो.

उत्तर मिळालं जर्मनीत. फ्रायबुर्ग इथं वोल्डेमार गेर्शलर नावाचे प्रशिक्षक आणि हर्बर्ट राइंडेल नावाचे हृदयाचे डॉक्टर एकत्र आले. धावपटूला 100-200 मीटर वेगानं पळवायचं, नाडी मिनिटाला 180 पर्यंत चढू द्यायची, मग थांबवायचं. नाडी 120 वर उतरली की पुढचा धावा. दीड मिनिटात ती उतरली नाही, तर समजायचं की धावा झेपलेला नाही. हृदय बळकट होतं ते या विसाव्याच्या काळातच, असं त्यांचं म्हणणं होतं. आजचे शास्त्रज्ञ इतक्या सरळपणे ते मान्य करत नाहीत, जोराचाही वाटा मोठा आहे असं ते सांगतात. पण नाव टिकलं ते त्या विसाव्याचंच. गेर्शलरचा शिष्य रुडॉल्फ हार्बिग यानं 15 जुलै 1939 रोजी मिलानमध्ये 800 मीटर अंतर 1 मिनिट 46.6 सेकंदांत तोडलं. तो विक्रम 1955 पर्यंत कुणाला मोडता आला नाही. तो पाहायला हार्बिग मात्र उरला नाही, 1944 साली महायुद्धात तो मारला गेला.

या पद्धतीचं सगळ्यात मोठं नाव म्हणजे चेकोस्लोव्हाकियाचा एमिल झाटोपेक. हा बाटाच्या बुटांच्या कारखान्यात कामाला असलेला मुलगा, पुढे सैन्यात गेला. जाडजूड लष्करी बूट घालून जंगलात पळायचा. 400 मीटर वेगानं, मग 200 मीटर अगदी हळू, पुन्हा 400. असे 40-40 धावे तो एका दिवसात करायचा. लोक हसायचे. लांब पल्ल्याच्या माणसाला हे तुकडे कशाला, म्हणायचे. 1952 च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये त्यानं 20 जुलैला 10 हजार मीटर जिंकले, 24 जुलैला 5 हजार मीटर आणि 27 जुलैला मॅरेथॉन. मॅरेथॉन तर तो आयुष्यात पहिल्यांदाच धावत होता.

आणि याच हेलसिंकीत, याच आठवड्यात, आपला एक माणूस होता. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव. वडील दादासाहेब पैलवान, त्यांच्याच हाताखाली पोर तयार झालेलं. 1948 च्या लंडन ऑलिंपिकमध्ये खाशाबा सहावे आले होते. हेलसिंकीला जायला पैसे नव्हते. लोकांनी वर्गणी काढली, कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजच्या प्राचार्यांनी स्वतःचं घर गहाण ठेवलं. 23 जुलै 1952 ला खाशाबांनी कांस्यपदक जिंकलं. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. हे आपण शाळेत वाचलेलं असतं. पण त्या दिवशी काय घडलं, ते फारसं सांगितलं जात नाही.

जपानच्या शोहाची इशीशी खाशाबांची कुस्ती लांबली आणि ते हरले. घामाघूम होऊन बाहेर येतात न येतात तोच पुढच्या कुस्तीचा पुकारा झाला, सोव्हिएत रशियाच्या रशीद ममेदबेकोवविरुद्ध. दोन कुस्त्यांमध्ये किमान अर्ध्या तासाची विश्रांती मिळाली पाहिजे, असा नियम होता. पण तो नियम दाखवून ‘आमच्या गड्याला दम खाऊ द्या’ असं म्हणणारा एकही भारतीय अधिकारी त्या वेळी तिथं नव्हता. खाशाबा थकल्या अंगानं उतरले आणि हरले. इशीला सुवर्ण मिळालं, ममेदबेकोवला रौप्य. विश्रांती मिळाली असती तर निकाल बदलला असता असं छातीठोकपणे कुणी म्हणू नये. पण हक्काचा अर्धा तास गेला, हे खरंच. झाटोपेक ज्या गावात विसाव्याचं गणित मांडून तीन सुवर्णं घेत होता, त्याच गावात आमच्या पैलवानाला विसावा मिळाला नाही. आणि भरतीच्या पोरांनी आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. हेच खाशाबा 1955 साली पोलीस खात्यात फौजदार म्हणून लागले.

दोनच वर्षांनी, 6 मे 1954 ला, ऑक्सफर्डमध्ये रॉजर बॅनिस्टर या डॉक्टरकी शिकणाऱ्या तरुणानं एक मैल अंतर 3 मिनिटं 59.4 सेकंदांत पार केलं. चार मिनिटांच्या आत मैल धावणारा तो पहिला माणूस. मैल म्हणजे 1609 मीटर, आमच्या पोरांच्या 1600 मीटरपेक्षा अवघे 9 मीटर जास्त. त्याचा सराव काय होता? पाव मैलाचे दहा धावे आणि प्रत्येक दोहोंमध्ये दोन मिनिटांचा विसावा. एप्रिलमध्ये गाडी अडली, पाव मैलाला 61 सेकंदांच्या खाली वेळ उतरेना. तेव्हा त्यानं काय केलं? धावणं सोडून तो मित्राबरोबर स्कॉटलंडच्या डोंगरांत गेला. परतल्यावर वेळ 59 वर आली. ही गोष्ट मी पुतण्याला दोनदा वाचून दाखवली.

मोबाइलमधले 20 आणि 10 सेकंद आले जपानमधून. तिथल्या स्केटिंग संघाचे प्रशिक्षक इरिसावा यांची ही रीत इझुमी ताबाता यांनी प्रयोगशाळेत तपासली आणि 1996 साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. सहा आठवड्यांत या चार मिनिटांच्या सायकल चालवण्यानं दमसास तर वाढलाच, शिवाय थोडा वेळ पूर्ण जोर लावण्याची ताकद 28 टक्क्यांनी वाढली. पण एक गोष्ट लोक विसरतात. ती माणसं तरुण होती, व्यायामाला सरावलेली होती. तेच माझ्यासारख्यानं पहिल्या दिवशी करायला जाणं म्हणजे खोंडाच्या जागी म्हातारा बैल जुंपणं.

माझ्यासारख्यासाठीही रीत निघाली, तीही जपानमध्येच. मात्सुमोतो गावच्या शिन्शू विद्यापीठात हिरोशी नोसे आणि सहकाऱ्यांनी सरासरी 63 वर्षं वयाच्या 246 माणसांना पाच महिने पाहिलं. काहींना सलग साधं चालायला लावलं. काहींना तीन मिनिटं भरभर, तीन मिनिटं सावकाश, असं किमान पाच वेळा, आठवड्यातून किमान चार दिवस. 2007 साली त्यांनी सांगितलं की, आलटून-पालटून चालणाऱ्यांच्या मांड्यांत बळ जास्त आलं, दमसास वाढला आणि रक्तदाबही जास्त उतरला.

मी इथूनच सुरुवात केली. डॉक्टरांना विचारून, हं! छातीत दुखणारा, रक्तदाबाचा, मधुमेहाचा किंवा चाळिशी ओलांडून वर्षानुवर्षं बसून राहिलेला माणूस असेल, त्यानं आधी तपासून घ्यावं. घड्याळाची गरजच पडली नाही, आमच्या रस्त्याला विजेचे खांब आहेत. आधी दहा मिनिटं रमतगमत. मग एका खांबापासून पुढच्यापर्यंत भरभर, इतकं की तोंडातून शब्द निघावेत पण गप्पा मारता येऊ नयेत. त्यानंतर दोन खांब सावकाश, गप्पा मारता येईपर्यंत. पहिल्या आठवड्यात असे चारच फेरे, आठवड्यातून दोन दिवस आणि मध्ये किमान एक दिवस मोकळा. पंधरा दिवसांनी दोन फेरे वाढवले. शेवटी पाच मिनिटं हळू चालून घराकडे. स्वीडनमध्ये 1930 च्या दशकात गोस्टा होल्मर यांनी अशाच मोकळ्या रस्त्यावरच्या कमी-जास्त वेगाला फार्टलेक म्हणजे ‘वेगाचा खेळ’ असं नाव दिलं होतं, हे मला नंतर कळलं.

खिशात गुळाचा खडा ठेवतो. साखरेची गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्याची साखर व्यायामात एकदम उतरू शकते. छाती दाटली, डावा हात किंवा जबडा दुखला, चक्कर आली तर तिथंच थांबायचं आणि दवाखाना गाठायचा. उपाशीपोटी, रोज्यात किंवा निरंकार उपासात, एप्रिल-मेच्या उन्हात जोर लावायचा नाही. ताप असला, रात्री झोप झाली नसली, तर तो दिवस सोडून द्यायचा. सोडलेला दिवस वाया जात नाही, हे मला पटायला फार वर्षं लागली.

पुतण्याचंही वेळापत्रक बदललं. आठवड्यातून दोन दिवस शाळेच्या मैदानावर 400 मीटरचे चार धावे, मध्ये तीन तीन मिनिटं चालणं. दोन दिवस सावकाश लांब पळणं. एक दिवस जोर-बैठका. उरलेले दोन दिवस काही नाही. त्या ‘काही नाही’च्या दिवशी सुरुवातीला तो बेचैन व्हायचा, चोरून पळून यायचा. आता झोपतो.

पुढची भरती कधी निघेल आणि तिथं काय होईल, ते आम्हाला ठाऊक नाही. पण सकाळी मी अजून त्याच्याबरोबर जातो. धावा संपवून तो कमरेवर हात ठेवून वाकतो, त्याच्या बरगड्या हलत असतात. मी घड्याळाकडे बघतो आणि आजूबाजूच्या पोरांनाही ऐकू जाईल अशा आवाजात म्हणतो, “दम खा रे, दम खा. अजून एक मिनिट आहे.” हेलसिंकीत हे म्हणायला कुणीतरी असायला हवं होतं.

(नभोवाणीवरील भाषणाचं संपादित रूप)