व्हॅन गॉगची चित्रं जगभर पोहोचवणारी जो बोंगर कोण होती?

व्हिन्सेंट व्हॅन गॉग म्हटलं की तीन गोष्टी हमखास सांगितल्या जातात. त्याने स्वतःचा कान कापला, हयातीत त्याचं एकच चित्र विकलं गेलं आणि मेल्यानंतर तो जगप्रसिद्ध झाला.

यातली पहिली गोष्ट खरी आहे. दुसरी बऱ्यापैकी खरी आहे. त्याच्या चित्रांची चित्रकार आना बॉक हिने ४०० फ्रँकला घेतलेलं ‘लाल द्राक्षमळा’ हे एक विक्री नक्की माहीत आहे. पण काकांनी पैसे देऊन त्याच्याकडून हेग शहराची रेखाचित्रं काढून घेतली होती, तेव्हा ‘आयुष्यात एकच विक्री’ हे जरा ताणून सांगितलेलं.

तिसऱ्या गोष्टीत मात्र मधला मोठा भाग गाळला जातो. मेल्यानंतर कोणी आपोआप प्रसिद्ध होत नाही. चित्रं कुठेतरी जपून ठेवावी लागतात, लोकांना दाखवावी लागतात, विकावी लागतात आणि कधी कधी मुद्दाम विकायची नाहीत असंही ठरवावं लागतं. व्हॅन गॉगच्या बाबतीत हे काम ३४ वर्षं केलं ते त्याच्या भावजयीने. तिचं नाव योहाना बोंगर. घरचे तिला ‘यो’ म्हणायचे, आपल्याकडे इंग्रजीवरून ‘जो’ असं लिहिलं जातं. (तसा डच उच्चार ‘व्हॅन गॉग’ही नाही, तो ‘फान खोख’च्या जवळ जातो. पण आता हेच रूढ आहे.)

जोचा जन्म १८६२ साली अॅमस्टरडॅममध्ये झाला. वडील विमा व्यवसायात, घर मध्यमवर्गीय. ती इंग्रजी शिकली, काही महिने लंडनला जाऊन ब्रिटिश म्युझियमच्या ग्रंथालयात काम केलं आणि परत येऊन मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवू लागली. सतराव्या वर्षापासून ती डायरी लिहायची. चित्रकलेचं शिक्षण तिने घेतलेलं नव्हतं आणि चित्रांच्या बाजाराशी तर तिचा दूरदूरचा संबंध नव्हता.

तो संबंध आला भावामुळे. तिचा भाऊ आंद्रिएस पॅरिसमध्ये होता आणि तिथे त्याची थिओ व्हॅन गॉगशी मैत्री होती. थिओ हा व्हिन्सेंटचा धाकटा भाऊ, एका मोठ्या चित्रविक्रेत्या कंपनीत नोकरीला. १८८७ च्या उन्हाळ्यात त्याने जोला मागणी घातली. दोघांची जेमतेम ओळख होती, त्यामुळे तिने सरळ नकार दिला. दीडेक वर्षाने पॅरिसमध्ये पुन्हा गाठ पडली आणि या वेळी ती हो म्हणाली. थिओने ही आनंदाची बातमी आईला कळवली ती डिसेंबर १८८८ मध्ये. त्यानंतर दोनच दिवसांनी, २३ डिसेंबरला, आर्ल गावात व्हिन्सेंटने आपला कान कापला.

एप्रिल १८८९ मध्ये जो आणि थिओचं लग्न झालं. पॅरिसमधल्या त्यांच्या घरात भिंतींवर, पलंगाखाली, कपाटावर सगळीकडे व्हिन्सेंटचीच चित्रं. त्यामागे एक व्यवहार होता. थिओ भावाला दर महिन्याला खर्चाचे पैसे आणि रंगाचं सामान पाठवायचा आणि त्याबदल्यात व्हिन्सेंट आपली चित्रं त्याच्याकडे पाठवून द्यायचा. पुढे इतकी चित्रं एकाच घरात सापडली ती या व्यवहारामुळे.

३१ जानेवारी १८९० ला जो आणि थिओला मुलगा झाला. नाव ठेवलं काकाचंच, व्हिन्सेंट विलेम. तेव्हा सँ-रेमीच्या मनोरुग्णालयात असलेल्या व्हिन्सेंटने पुतण्यासाठी एक चित्र काढून पाठवलं. निळ्या आभाळावर पांढऱ्या फुलांनी बहरलेल्या बदामाच्या फांद्या. तुमच्यापैकी अनेकांनी ते मोबाइल कव्हरवर किंवा कापडी पिशवीवर पाहिलं असेल.

जो आणि तिचा हा थोरला दीर प्रत्यक्षात भेटले अगदी मोजक्या वेळा, तेही मे ते जुलै १८९० या काळात. आजारी, खंगलेला माणूस समोर येईल असं तिला वाटलं होतं. दारात उभा राहिला तो रुंद खांद्यांचा, तजेलदार चेहऱ्याचा माणूस, थिओपेक्षाही धडधाकट दिसणारा. २७ जुलैला ओव्हेर गावात त्याने स्वतःवर गोळी झाडून घेतली आणि २९ जुलैला तो गेला. वय ३७.

भावाच्या मृत्यूनंतर थिओ कोसळला. व्हिन्सेंटचं प्रदर्शन भरवायचं म्हणून त्याने पॅरिसचे नामांकित चित्रविक्रेते ड्युराँ-रुएल यांना गळ घातली, पण ते तयार झाले नाहीत. सिफिलिसने त्याच्या मेंदूचा ताबा घेतला होता. जानेवारी १८९१ मध्ये नेदरलँडमधल्या एका रुग्णालयात तोही वारला. भावामागून सहा महिन्यांनी. लग्नाला पुरते दोन वर्षंही झाली नव्हती.

जो तेव्हा २८ वर्षांची होती. पदरात वर्षाचं मूल आणि वाट्याला आली होती सुमारे ४०० चित्रं, कित्येकशे रेखाचित्रं आणि व्हिन्सेंटने थिओला लिहिलेली साडेसहाशेच्या आसपास पत्रं. चित्रांना बाजारात भाव जवळपास नव्हता. सख्ख्या भावानेही सल्ला दिला की हे सगळं काढून टाक.

तिने ऐकलं नाही. अॅमस्टरडॅमजवळच्या बुसुम गावात एक घर घेऊन तिने तिथे बोर्डिंग हाउस सुरू केलं, म्हणजे खोली आणि जेवण दोन्ही देणारं घर. शिवाय इंग्रजी आणि फ्रेंचमधून भाषांतरं करून चार पैसे मिळवायची. पॅरिसहून चित्रं मागवून घेतली आणि घरभर टांगली. ‘बटाटे खाणारे’ हे काळपट रंगातलं मोठं चित्र शेकोटीच्या वर लागलं. राहायला येणारे पाहुणे जेवताना-उठताना व्हॅन गॉगच बघत होते, फक्त त्यांना ते कोण हे माहीत नव्हतं!

डायरीत तिने लिहून ठेवलंय की थिओने मुलासोबत आणखी एक काम तिच्यावर सोपवलंय, व्हिन्सेंटचं काम लोकांना दाखवायचं आणि त्याची कदर होईल असं बघायचं. रात्री मूल झोपलं की ती पत्रं वाचत बसायची. सुरुवातीला ती त्यात थिओला शोधत होती. हळूहळू पत्रांमधला व्हिन्सेंट तिला कळू लागला आणि त्याच्यामुळे भिंतीवरची चित्रंही. पुढे तिने जे काही केलं त्याचा पाया इथे आहे: ही चित्रं आणि ही पत्रं एकमेकांशिवाय पुरी होत नाहीत, हे तिला सगळ्यांच्या आधी उमगलं.

पण सांगायचं कोणाला? डच कलाजगतात तिची चेष्टाच झाली. यान वेथ या वजनदार समीक्षकाला व्हॅन गॉगचे भडक रंग अंगावर यायचे. जोने त्याला चित्रं दाखवली, पत्रं वाचायला दिली, आणि काही काळाने त्याने मत बदलून चांगलं लिहिलं. चित्रकार रोलंड होल्स्टला तर ही बाई शाळकरी मुलीसारखी भाबडी वाटायची, आणि ते त्याने लिहूनही ठेवलंय. गंमत अशी की १८९२ मध्ये अॅमस्टरडॅमला व्हॅन गॉगचं प्रदर्शन झालं ते भरवण्यात हाच रोलंड होल्स्ट पुढे होता. त्याने कॅटलॉगच्या मुखपृष्ठावर माना टाकलेलं सूर्यफूल काढलं, त्याच्याभोवती संतांसारखं तेजोवलय. ‘दुःखी, हुतात्मा चित्रकार’ ही आजची प्रतिमा तिथपासून सुरू झालेली दिसते.

जोची पद्धत मात्र भाबडी अजिबात नव्हती. प्रदर्शनाला चित्रं पाठवताना ती उत्तम चित्रांसोबत जरा कमी प्रतीची चित्रंही मिसळायची. सगळ्यात चांगल्या चित्रांवर ‘विक्रीसाठी नाही’ असं लिहायची. लोक बघायला यायचे त्या चित्रांसाठी आणि विकत घ्यायचे शेजारचं. मोठे विक्रेते घासाघीस करायला लागले तर ती किमतीवर अडून बसायची. प्रत्येक विक्रीची नोंद वहीत. संग्रहालयाकडून मागणी आली तर ती तिला जास्त महत्त्वाची वाटे, कारण तिथे चित्र कायम लोकांसमोर राहणार.

चुकाही झाल्या, निदान आजच्या भावाने बघितलं तर. ‘डॉ. गाशेचं पोर्ट्रेट’ १८९७ मध्ये ३०० फ्रँकला गेलं. तेच चित्र १९९० मध्ये ८ कोटी २५ लाख डॉलरला विकलं गेलं. ‘तारांकित रात्र’ १९०० साली तिच्या हातून गेलं, काही वर्षांनी तिने ते परत विकत घेतलं आणि पुन्हा विकलं. आज ते न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये आहे.

१९०१ मध्ये पॅरिसच्या बर्नहाइम-ज्यून गॅलरीत व्हॅन गॉगचं प्रदर्शन झालं. मातिस आणि व्लामिंक यांच्यासारखे तरुण चित्रकार ते बघून हादरले. पुढच्या काही वर्षांत त्यांच्या चित्रांमधले रंग कसे पेटले ते सगळ्यांना माहीत आहे. त्याच सुमारास बर्लिनमध्ये पाउल कासिरर या विक्रेत्याने जर्मन ग्राहक मिळवायला सुरुवात केली.

मग १९०५. अॅमस्टरडॅमच्या स्टेडेलिक म्युझियमची दालनं जोने चक्क भाड्याने घेतली आणि व्हॅन गॉगच्या ४८४ कलाकृती एकत्र मांडल्या. निमंत्रणांपासून पोस्टरपर्यंत सगळं तिने स्वतः बघितलं. त्यानंतर भाव चढतच गेले. सगळं श्रेय एकट्या जोला देऊनही चालणार नाही. हेलन क्रोलर-म्युलर या श्रीमंत डच बाईने नंतर व्हॅन गॉगची चित्रं झपाट्याने जमवली आणि त्यांचं मोठं संग्रहालय उभं राहिलं. पण तिने घ्यायला सुरुवात केली तेव्हा जोने जमीन नांगरून ठेवलेली होती.

पत्रांच्या बाबतीत जोने फार संयम दाखवला. ती आधीच छापली असती तर खप झाला असता, कारण कापलेल्या कानाची गोष्ट सगळ्यांनाच हवी होती. तिचं म्हणणं होतं की आधी लोकांनी काम ओळखावं, माणसाबद्दलचं कुतूहल नंतर. त्यामुळे व्हिन्सेंटला जाऊन २४ वर्षं झाल्यावर, १९१४ मध्ये, पत्रांचे तीन खंड डचमध्ये निघाले. त्याच वर्षी तिने थिओचे अवशेष नेदरलँडहून ओव्हेरला नेऊन व्हिन्सेंटच्या शेजारी पुरले. आज तिथे आयव्हीच्या वेलीखाली दोन सारखे साधे दगड दिसतात.

संपादन करताना तिने घरच्या काही अडचणीच्या ओळी गाळल्या, काही नावांची नुसती आद्याक्षरं ठेवली आणि बऱ्याच पत्रांच्या तारखा अंदाजाने लावल्या, त्यातल्या काही चुकल्या. थिओच्या आजाराचं खरं कारणही बाहेर येऊ दिलं नाही. अभ्यासकांनी या गोष्टी नंतर दुरुस्त केल्या.

दरम्यान तिने १९०१ मध्ये चित्रकार योहान कोहेन गोस्खाल्कशी दुसरं लग्न केलं. १९१२ मध्ये तोही गेला. पहिल्या महायुद्धाच्या काळात ती मुलाकडे न्यूयॉर्कला राहिली आणि तिथे पत्रांचं इंग्रजी भाषांतर हाती घेतलं.

लंडनच्या नॅशनल गॅलरीला ‘सूर्यफुलं’ हवी होती. जोने आधी नाही म्हटलं. तीस वर्षांहून जास्त काळ रोज बघितलेलं चित्र होतं ते. अखेर १९२४ मध्ये ती तयार झाली आणि पत्रात कळवलं की व्हिन्सेंटच्या कीर्तीसाठी आपण हा त्याग करतो आहोत. पुढच्या वर्षी, २ सप्टेंबर १९२५ ला, ती वारली. तोवर ५२६ पत्रांचं इंग्रजी भाषांतर तिच्या हातून झालं होतं. तिच्या नोंदवहीवरून असं दिसतं की तिने एकूण दोनशेच्या जवळपास चित्रं विकली.

उरलेला संग्रह मुलाकडे आला. तो इंजिनिअर होता. पुढे त्याने संग्रह विकणं थांबवलं, १९६२ मध्ये कुटुंबाची चित्रं एका फाउंडेशनच्या ताब्यात दिली आणि डच सरकारने त्यांच्यासाठी इमारत बांधायचं कबूल केलं. १९७३ मध्ये अॅमस्टरडॅमचं व्हॅन गॉग म्युझियम उघडलं. बदामाच्या फांद्यांचं ते चित्र जोने विकायला काढलं नव्हतं. ते आता तिथे आहे.