रिगाचा चिमुकला कॅमेरा

चिमुकल्या हेर-कॅमेऱ्यांचा संग्रह करणाऱ्या मंडळींत एका वस्तूचे नाव मोठ्या आदराने घेतले जाते. ती वस्तू म्हणजे लॅट्व्हियातील रिगा शहरी १९३८ ते १९४३ या काळात तयार झालेला 'मिनॉक्स'. मिटलेल्या स्थितीत लांबी ८ सेंटिमीटर, रुंदी पावणेतीन सेंटिमीटरच्या आसपास, जाडी दीड सेंटिमीटरहून किंचित अधिक आणि वजन सुमारे सव्वाशे ग्रॅम. असे नग साधारण १७,००० निघाले. त्यांतला एखादा हाती आला की जाणकार संग्राहक त्याचे भिंग पाहण्याआधी त्याचे पोलादी कवच उलटसुलट करून त्यावरील अक्षरे वाचू लागतो. बहुतेकांवर 'मेड इन लॅट्व्हिया' असे असते. थोड्या नगांवर 'मेड इन यूएसएसआर' असे आढळते. शेवटी शेवटी निघालेल्यांवर तर देशाचे नावच नसते.

कारखाना तोच आणि यंत्रही तेच. मग अक्षरे का बदलली? जून १९४० मध्ये सोव्हिएट फौजा लॅट्व्हियात शिरल्या आणि ते छोटे प्रजासत्ताक नकाशावरून पुसले गेले. वर्षभराने, १ जुलै १९४१ रोजी, रिगा जर्मनांच्या हाती पडले. सत्तांतर झाले की सर्वांत आधी शिक्के बदलतात, हे कचेरीत आयुष्य घालविणाऱ्या आपल्यासारख्यांस कोणी सांगावयास नको. मधल्या एका वर्षाचा माल थोडा, म्हणून सोव्हिएट शिक्क्याचा मिनॉक्स दुर्मिळ आणि अर्थातच महाग. एका राष्ट्राच्या स्वातंत्र्याचा अंत बोटाएवढ्या वस्तूवर इतक्या नेमकेपणाने नोंदला गेल्याचे दुसरे उदाहरण मला तरी ठाऊक नाही.

आणि तरीही या वस्तूची ओळख जगाला आहे ती केवळ 'हेरांचा कॅमेरा' म्हणून. ही ओळख खोटी नव्हे. पण तिने मूळ हकीकत पार झाकून टाकली आहे, असे माझे मत आहे.

अशी नावे देण्याची खोड मात्र जुनी आहे. १८८० नंतरच्या दशकात तिकाटण्याशिवाय हाती धरून वापरता येणाऱ्या कोणत्याही कॅमेऱ्यास इंग्रज लोक 'डिटेक्टिव्ह कॅमेरा' म्हणू लागले. त्याच दशकात स्टर्न नावाच्या व्यापाऱ्याने जॅकिटाच्या आत गळ्यात अडकविण्याचा थाळीसारखा चपटा कॅमेरा बाजारात आणला. त्याचे भिंग काजातून बाहेर डोकावे, आणि एका वाटोळ्या काचेवर सहा चित्रे उमटत. तो वापरून अजरामर झालेला गृहस्थ कोणी गुप्तहेर नव्हता. कार्ल स्टर्मर हा नॉर्वेतील गणिताचा विद्यार्थी १८९३ ते १८९७ या काळात राजधानीच्या रस्त्यांवर हिंडत असे आणि ओळखीच्या लोकांस नमस्कार करता करता त्यांचे चित्र टिपून घेत असे. नाटककार इब्सेनही त्याच्या तावडीतून सुटला नाही. हाच स्टर्मर पुढे उत्तर ध्रुवाकडील प्रकाशाच्या अभ्यासासाठी विख्यात झाला. असो.

मिनॉक्सचा जनक वाल्टर झॅप हा १९०५ साली रिगा येथे जन्मला. तेव्हा ते शहर रशियाच्या झारच्या साम्राज्यात होते आणि झॅपचे घराणे तेथील जर्मनभाषी समाजातले. तरुणपणी तो एस्टोनियातील टॅलिन येथे राहिला, एका छायाचित्रकाराच्या हाताखाली काम शिकला. अभियांत्रिकीचे रीतसर शिक्षण त्यास नव्हते. त्याचा विचार साधा होता. त्या काळचे चांगले कॅमेरे जड आणि बोजड. घरी राहून गेलेला कॅमेरा कितीही उत्तम असला तरी ऐनवेळी निरुपयोगी. तेव्हा खिशात टाकला की विसरून जावा, असा कॅमेरा सामान्य माणसास मिळाला पाहिजे. यंत्राची जुळणी करून मग त्यास आकार द्यावा ही नेहमीची रीत. झॅपने तिच्या उलट केले. त्याने मुठीत सहज झाकेल असा लाकडाचा ठोकळा तासला आणि हे एवढेच, याहून मोठे नाही, असे ठरवून मग आतल्या यंत्राची चिंता केली. १९३६ साली पहिला चालता नमुना टॅलिनमध्ये सिद्ध झाला. रिचर्ड युर्गेन्स या मित्राने पैशाचा भार उचलला. जर्मनीतील आग्फा कंपनीने ही कल्पना नाकारली. ती उचलून धरली रिगाच्या 'व्हेफ' या सरकारी विद्युत्-कारखान्याने, ज्याचा मुख्य व्यवसाय टेलिफोन आणि रेडिओ बनविण्याचा!

आतली करामत पाहावी तेवढी थोडी. निगेटिव्ह अवघे ८ बाय ११ मिलिमीटर, म्हणजे नेहमीच्या ३५ मिलिमीटर फिल्मवरील चौकटीच्या एकदशांश क्षेत्रफळाचे. एका डबीत ५० चित्रे. भिंगाचे नाभ्यंतर १५ मिलिमीटर असल्यामुळे जवळचे आणि दूरचे दोन्ही बऱ्याच अंशी स्पष्ट येते, आणि म्हणूनच झॅपने प्रकाशाचे छिद्र लहानमोठे करण्याची सोयच ठेवली नाही. प्रकाशाचे नियमन शटरच्या वेगावर सोपविले. तो वेग अर्ध्या सेकंदापासून सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत. कवच ओढले की भिंग उघडे होते, मिटून पुन्हा ओढले की फिल्म एक घर पुढे सरकते आणि शटर सज्ज होते. सर्वांत महत्त्वाचे हे की, अवघ्या २० सेंटिमीटरवरील वस्तूसही हा कॅमेरा स्वच्छ टिपतो. फुले, किडे, पुस्तकातले एखादे चित्र टिपावे, एवढीच या सोयीमागची कल्पना असावी. पण नेमकी तीच सोय हेरांच्या पथ्यावर पडली.

हेरगिरीविषयी आपल्या कल्पना चित्रपटांनी बिघडविल्या आहेत. प्रत्यक्षात या धंद्याचा मोठा भाग म्हणजे निव्वळ नक्कलनविशी. कोणाच्या तरी टेबलावरील कागद कोणाच्या तरी हाती पोहोचवावयाचा, आणि तोही मूळ कागद जागचा न हलविता. दुसऱ्या महायुद्धात अंकारा येथील ब्रिटिश वकिलातीत राजदूताच्या खासगी नोकराने, 'सिसेरो' या टोपणनावाने गाजलेल्या बाझनाने, हे काम लायका कॅमेऱ्याने केले. परंतु लायका बाळगणे म्हणजे लपविण्यास आणखी एक वस्तू वाढविणे. मिनॉक्स रुमालात मावे. पुढे त्यास जी साखळी जोडली गेली, तिच्यावर ठरावीक अंतरांवर मणी होते. साखळी कागदापर्यंत ताणली की अंतर मोजले गेले. साधारण ४० सेंटिमीटरवरून टंकलिखित पानाचा सारा मजकूर चौकटीत येतो. (आपल्या फुलस्केप कागदासाठी मात्र हात आणखी थोडा मागे घ्यावा लागेल!)

सोव्हिएट लष्करी हेरखात्यातला कर्नल ओलेग पेन्कोव्हस्की हे याचे सर्वांत ठळक उदाहरण. १९६१-६२ मध्ये त्याने ब्रिटिश आणि अमेरिकन हेरखात्यांनी पुरविलेल्या मिनॉक्सने क्षेपणास्त्रांच्या पुस्तिका आणि लष्करी लेख पानामागून पान टिपले. मॉस्कोच्या बागेत मुलांना घेऊन बसणाऱ्या एका इंग्रज बाईच्या हाती मिठाईच्या डबीतून फिल्म जात असे. क्यूबाच्या पेचप्रसंगी तेथील क्षेपणास्त्रांची जात ओळखण्यास या कागदांचा उपयोग झाला. त्याच ऑक्टोबर १९६२ मध्ये तो पकडला गेला आणि मे १९६३ मध्ये त्यास देहदंड झाला. उलट बाजूचे उदाहरण अमेरिकन आरमारातील जॉन वॉकरचे. सुमारे अठरा वर्षे तो आरमाराच्या सांकेतिक लिपीचे कागद मिनॉक्सने टिपून सोव्हिएटांस विकत होता; १९८५ साली पकडला गेला. एकाच कॅमेऱ्याने दोन्ही पक्षांचे गोपनीय कपाट उघडले.

खुद्द झॅपच्या वाट्यास काय आले? १९४१ साली तो जर्मनीत स्थलांतरित झाला आणि बर्लिनमध्ये इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाच्या कामात लागला. १९४५ नंतर त्याने आणि युर्गेन्सने पश्चिम जर्मनीत मिनॉक्स कंपनी स्थापली. भांडवल पुरविले चिरूट बनविणाऱ्या एका पेढीने. १९४८ पासून ॲल्युमिनियमच्या कवचाचे, अधिक हलके मिनॉक्स निघू लागले. मात्र १९५० साली मतभेद होऊन झॅप आपल्याच कंपनीतून बाहेर पडला. १९५८ च्या प्रकाशमापक बसविलेल्या 'मिनॉक्स बी'ने जी लोकप्रियता मिळविली, ती त्याने दुरून पाहिली. रिगा, टॅलिन, बर्लिन, पुन्हा दुसरे गाव, आणि अखेर स्वित्झर्लंड. तेथेच २००३ साली तो वारला. गाव बदलण्याचा कंटाळा आपण बदलीच्या नोकरीतले लोक करतो; या माणसाच्या मागे तर परतण्यास ते देशही उरले नव्हते. लॅट्व्हिया पुन्हा स्वतंत्र झाला १९९१ मध्ये, तेव्हा झॅप जवळजवळ ८६ वर्षांचा होता. रिगाच्या छायाचित्रण संग्रहालयात आज मिनॉक्स मानाने मांडलेला आहे.

बाजारात मात्र किंमत येते ती दंतकथेला. 'अमुक हेराचा' म्हणून सांगितलेल्या नगास गिऱ्हाईक धावते, आणि अशा सांगण्यास पुरावा क्वचितच असतो. रशियन 'फेड' आणि 'झोर्की' कॅमेऱ्यांवर जर्मन हवाई दलाची चिन्हे कोरून ते लायका म्हणून खपविण्याचा उद्योग तर प्रसिद्धच आहे. म्हणून शहाणा संग्राहक कथा ऐकून घेतो आणि क्रमांक, शिक्का नि कवचाची घडण तपासतो. 'बी'च्या सेलेनियमच्या प्रकाशमापकावर विसंबू नये. वयोमानाने ते बहुधा मंदावलेले असते.

ज्यांस हा कॅमेरा कपाटात न ठेवता वापरावयाचा आहे, ते अंधाऱ्या खोलीत पाती बसविलेल्या साच्यातून नेहमीची ३५ मिलिमीटर फिल्म ओढतात. दोन्ही कडांची भोके वगळून तिच्यातून सव्वानऊ मिलिमीटरच्या जेमतेम दोन पट्ट्या निघतात. एक पट्टी जुन्या डबीत गुंडाळावयाची, झाकण लावावयाचे, आणि कवच ओढून पहिले चित्र घ्यावयाचे. बहुतेक जण प्रथम घरच्या माणसांचेच घेतात.